धुरावरून इंजिनाची परीक्षा

शाळेच्या स्मरणिकेत मोटारगाडीच्या धुराविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपले अनेक माजी विद्यार्थी आज वाहनाच्या आधारानेच संसार चालवीत आहेत. कोणी परतवाडा ते चिखलदरा या घाटमार्गावर प्रवासी नेतात, कोणी हंगामात संत्र्याच्या गाड्या भरतात, कोणी गॅरेजमध्ये काम करतात, तर कोणी चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत उभे आहेत. पालकांपैकीही पुष्कळांनी कर्ज काढून गाडी घेतली आहे. अशा घरी एखाद्या सकाळी चावी फिरवावी, मागून धुराचा लोट निघावा आणि शेजाऱ्याने ‘इंजिन गेलं’ असा निकाल देऊन टाकावा, ही नित्याची गोष्ट झाली आहे. त्या एका वाक्यावर विसंबून कित्येक जण धडधाकट इंजिन उघडावयास देतात, आणि उलट खरोखर धोक्याचा धूर ‘थंडीमुळे येतो’ म्हणून सोडून देतात. दोन्ही प्रकारांत नुकसान मोठे आहे. म्हणून धूर कसा वाचावा, याचा थोडा शिस्तीने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विशेषतः नव्या पद्धतीच्या जोमदार गाड्यांचा येथे विचार केला आहे. जुन्या अँबेसेडरचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे पन्नास अश्वशक्ती देत असे. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून आलेली पोलो जीटी टीएसआय किंवा २०१७ मध्ये रांजणगावहून निघालेली टाटा नेक्सॉन यांचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन त्याच्या दुपटीहून अधिक शक्ती देते. ही किमया टर्बोची आहे. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक लहानसे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि इंजिनात हवा कोंबते. त्याचा दांडा तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत फिरतो. इतक्या उष्णतेत, इतक्या दाबाखाली चालणाऱ्या यंत्रात तेल, पाणी आणि इंधन आपापल्या वाटेने वाहत असतात, आणि त्यांच्यामध्ये असतात रबराच्या सीला, गॅस्केट आणि रिंगा. यांतले एखादे कुंपण खचले की त्याची पहिली बातमी सायलेन्सरच्या तोंडाशी मिळते, आणि बहुधा सकाळच्या पहिल्या स्टार्टला मिळते. रात्रभर उभ्या गाडीत जे झिरपायचे ते झिरपून झालेले असते, धातू आकसलेला असतो, त्यामुळे दिवसा न दिसणारा दोष तेव्हा उघडा पडतो.

धुरावरून अग्नीचे अनुमान हे भारतीय तर्कशास्त्रातील सर्वांत परिचित उदाहरण आहे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी त्याचा फार बारकाईने विचार केला. धूर हे अग्नीचे कार्य आहे, म्हणून कार्यावरून कारण ओळखता येते, असे धर्मकीर्ती मांडतो. पण याच परंपरेतील शंकरस्वामीच्या ‘न्यायप्रवेश’ या ग्रंथात एक सावधगिरीची सूचना आहे. समोर दिसते ते खरोखर धूर आहे की वाफ, याचाच संशय असेल तर त्यावरून काढलेले अनुमान असिद्ध होय. तर्कशास्त्रात दुसरेही एक उदाहरण नेहमी येते, ते तापलेल्या लोखंडी गोळ्याचे. तेथे अग्नी आहे, पण धूर नाही. मोटारीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात, हे पुढे दिसेल.

प्रथम वाफ. पेट्रोलमधील हायड्रोजन जळला की त्याचे पाणी होते, आणि ते थोडेथोडके नसते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते अदृश्य वाफेच्या रूपाने निघून जाते. पौष-माघातील सकाळी सायलेन्सर थंड असतो, बाहेरची हवा थंड असते, तेव्हा त्या वाफेचे सूक्ष्म थेंब होऊन पांढरा ढग दिसतो आणि नळीच्या टोकातून पाणीही ठिबकते. चिखलदऱ्याला मुक्काम केलेल्या प्रत्येक गाडीमागे सकाळी हा ढग असतो. तो पातळ असतो, नळीपासून हातभर अंतरावर विरून जातो, त्याला वास जवळजवळ नसतो आणि सायलेन्सर तापला की पाच-दहा मिनिटांत तो दिसेनासा होतो. हा धूर नव्हेच. त्यासाठी एक रुपयाही खर्च करू नये.

आता खरा पांढरा धूर. तो दाट असतो, जमिनीलगत रेंगाळतो, गोडसर वास देतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. भर दुपारी, उन्हातही तो दिसत असेल तर शंकेला जागा उरत नाही. हे कूलंट जळत आहे. याची साखळी आपल्या भागात कशी तयार होते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तिची सुरुवात इंजिनात नसून विहिरीत असते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपणां सर्वांना ठाऊक आहे. दर्यापूर-अंजनगावकडील कित्येक गावांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. रेडिएटर कमी दिसला की बोअरचे पाणी ओतण्याची सवय सर्वत्र आहे. त्या पाण्यातील क्षारांचे थर आतल्या बारीक नळ्यांत बसतात आणि ॲल्युमिनियमला क्षार खातात. कूलंट केवळ थंडीत गोठू नये म्हणून असते, ही समजूत चुकीची आहे. गंज रोखणारी द्रव्ये त्यात असतात, आणि त्याचा उत्कलनबिंदूही साध्या पाण्याहून वरचा असतो. क्षार साठलेला रेडिएटर सपाटीवर कसाबसा निभावून नेतो. वैशाखात परतवाड्याहून पूर्ण भरलेली गाडी एसी लावून चिखलदऱ्याचा घाट चढू लागली की तो हरतो. काटा लाल रेषेकडे जातो, ॲल्युमिनियमचे हेड किंचित वाकते, आणि हेड व ब्लॉक यांमधील गॅस्केट एखाद्या सिलिंडरच्या कडेला सैल होते.

त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोष दिसतो तो दुसऱ्या सकाळी. याचे कारण असे की, गाडी चालू असताना सिलिंडरमधील दाब कूलंटच्या दाबापेक्षा कितीतरी अधिक असतो, म्हणून वायू कूलंटमध्ये घुसतात आणि टाकीत बुडबुडे येतात. इंजिन बंद केल्यावर सिलिंडरमधील दाब ओसरतो, पण कूलंटच्या बंद टाकीत तो बराच वेळ टिकून राहतो. मग प्रवाह उलटतो आणि रात्रभर थेंब थेंब पाणी पिस्टनवर साचते. सकाळी इंजिन एका सिलिंडरवर अडखळते, थरथरते, पांढरा लोट सोडते आणि मग सुरळीत होते. येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. चावी फिरवताच इंजिन अर्ध्या फेऱ्यात ‘खट्’ करून अडले, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडर भरलेला असेल तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. अशा वेळी प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढणे हाच मार्ग आहे, आणि ते काम जाणत्या मेकॅनिककडूनच करवावे. तसेच कूलंटच्या टाकीचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. दाबाखाली ते पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते उसळते आणि तोंड भाजते.

निळा धूर म्हणजे जळणारे इंजिन ऑइल. वास जळक्या तेलाचा, तिखट; रंग उन्हात पाहिला तर स्पष्ट निळसर. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी ऑइल खाते’. येथे सर्वांत अधिक फसगत होते, कारण तेल आत येण्याच्या वाटा निदान चार आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रंग सर्वांचा सारखाच असल्याने निदान रंगावरून होत नाही. ते वेळेवरून होते.

व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची छोटी सील असते. उष्णतेने ती कडक झाली की रात्री हेडमध्ये उरलेले तेल तिच्यातून थेंबाथेंबाने खाली उतरते. सकाळी दहा-वीस सेकंद निळा धूर येतो आणि मग दिवसभर काही नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर धूर सकाळपुरता राहत नाही. चढावर रेस दिली की तो मागे येतच राहतो, आणि डिपस्टिक वा झाकण उघडल्यास आतून फुसफुस वारा जाणवतो. टर्बोमधून तेल येत असेल तर गाडी बराच वेळ उभ्याउभ्या चालू ठेवल्यावर, उदाहरणार्थ बहिरमच्या यात्रेतील गर्दीत अडकल्यावर, रेस देताच मोठा झोत निघतो. चौथी वाट म्हणजे इंजिनाच्या पोटातील वाफा परत हवेच्या मार्गात नेणारा लहानसा व्हॉल्व्ह, ज्याला पीसीव्ही म्हणतात. त्याचा पडदा फाटला की इंजिन तेलाची वाफ ओढून घेते. त्या वेळी चालू इंजिनावर तेलाचे झाकण चिकटल्यासारखे घट्ट बसते आणि कधी शिट्टीसारखा आवाज येतो. तो तुंबला तर उलट इंजिनाच्या पोटातील दाब वाढतो. टर्बोतील तेल केवळ उताराने खाली परतत असते. पोटातील दाब वाढला की ते परत जाऊ शकत नाही आणि टर्बोच्या सीलांतून बाहेर पडते. टर्बो निर्दोष असतो, पण तेल त्यातून येताना दिसते म्हणून त्यालाच दोषी ठरविले जाते. आमच्या मते नव्या गाड्यांतील निळ्या धुराच्या तपासात पीसीव्हीला पहिला मान द्यावा. तो स्वस्त आहे, हाताशी आहे आणि त्याचा संशय सर्वांत शेवटी घेतला जातो.

घाटाखाली राहणाऱ्यांना निसर्गतःच एक परीक्षा-साधन लाभले आहे. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून पाच-सात मिनिटे उतरावे. या काळात पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या मार्गात जोराची ओढ निर्माण होते आणि सैल व्हॉल्व्ह सीलांतून तेल आत खेचले जाते. पायथ्याशी सपाट, मोकळा रस्ता लागला की एकदा रेस द्यावी आणि मागच्या गाडीतील मित्राने पाहावे. क्षणभर निळा ढग येऊन नाहीसा झाला तर बोट व्हॉल्व्हच्या सीलांकडे जाते. रेस असेपर्यंत धूर राहिला तर रिंगांकडे. वळणावर हा प्रयोग अर्थातच करू नये.

काही इंजिनांत मात्र स्टार्टचा निळा धूर हा दोष मानीतच नाहीत. पोर्श ९११ आणि सुबारूच्या गाड्यांत सिलिंडर उभे नसून आडवे असतात. गाडी उभी राहिली की थोडे तेल सिलिंडरमध्ये पसरते आणि पुढच्या स्टार्टला एक झुळूक निघून जाते. माझदाच्या आरएक्स मालिकेतील फिरत्या इंजिनांत तर तेल मुद्दामच ज्वलनकक्षात सोडले जाते. शर्यतीच्या इंजिनांत घडीव पिस्टन असतात. ते तापल्यावर अधिक फुगतात म्हणून थंड असताना त्यांना अधिक जागा ठेवलेली असते, आणि तापेपर्यंत ती खडखडतात व किंचित तेलही जाळतात. आपल्या तालुक्यात अशी गाडी विरळाच. पण पुण्या-मुंबईत, परदेशात काम करणाऱ्या आपल्या मुलांना ती भेटते.

काळा धूर म्हणजे हवा कमी, इंधन जास्त. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या ‘शकुंतला’ गाडीला १९९४ पर्यंत १९२१ सालचे, मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन ओढीत असे. वाफेच्या इंजिनावरचा फायरमन धुराड्याकडे पाहूनच आगीची प्रकृती ओळखतो. दाट काळा धूर म्हणजे कोळसा अधिक पडला. तत्त्व तेच आहे. थंड पेट्रोल इंजिनाला सुरू होताना संगणक मुद्दामच अधिक इंधन देतो, म्हणून पहिल्या क्षणी थोडी काजळी येणे स्वाभाविक आहे. ती टिकून राहिली तर गळका इंजेक्टर किंवा चुकीचे तापमान सांगणारा सेन्सर यांचा विचार करावा. इंजिन कोमट असताना सेन्सरने ‘गारठा आहे’ असे कळविले, तर संगणक त्यावर विश्वास ठेवून इंधन ओततच राहतो. डिझेल गाडीत व जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत आधी एअर फिल्टर पाहावा. जिनिंगच्या दिवसांत कापसाच्या तंतूंनी तो किती लवकर भरतो, हे आपल्याकडील चालकांना सांगावयास नको. डिझेलमध्ये पहाटे पांढरट-राखी, डोळ्यांना झोंबणारा धूर आला तर तो न जळलेल्या डिझेलचा असतो. ग्लो प्लग तपासले की बहुधा उलगडा होतो.

हे सर्व प्रत्यक्षात कसे जुळवावे? समजा, एका पालकाने सहा वर्षे वापरलेली टर्बो पेट्रोल गाडी घेतली. रोज सकाळी पंधरा सेकंद निळा धूर येतो. गॅरेजमध्ये ‘टर्बो आणि इंजिन दोन्ही’ असे सांगितले गेले. खर्च लाखाच्या घरात. त्यांनी काय करावे? प्रथम नळीपुढे पांढरा कागद धरावा. पाण्याचे डाग वाळतात, तेलाचे राहतात. मग तेलाची पातळी सपाट जागी पाहून लिहून ठेवावी आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाहावी. पातळी खुणेच्या वर असेल, म्हणजे सर्व्हिसिंगमध्येच तेल अधिक भरले गेले असेल, तर तेवढ्यानेही धूर येतो. हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल लागणे काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत मान्य करतात, म्हणून पाव लिटर घटले तर घाबरण्याचे कारण नाही. त्यानंतर प्लग काढवावेत. तेलाने ओला प्लग, काजळीने काळा प्लग आणि वाफेने धुऊन निघाल्यासारखा अस्वाभाविक स्वच्छ प्लग, हे तिन्ही तीन निराळ्या कथा सांगतात, आणि कोणत्या सिलिंडरची कथा तेही सांगतात. मग कॉम्प्रेशन पाहावे. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजविली. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे आहे. या पालकांच्या गाडीत दाब सर्वत्र समान निघाला, दुपारच्या स्टार्टला धूर नाही, चढावर नाही, घाट उतरल्यावर मात्र झुळूक आली, आणि पीसीव्ही ठीक निघाला, तर उरल्या फक्त व्हॉल्व्हच्या सीला. पुष्कळ इंजिनांत त्या हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन बदलता येतात. लाखाचे काम हजारांवर येते.

एक वाईट उपाय मात्र आपल्याकडे सर्रास चालतो. धूर दिसला की जाड तेल भरायचे. जाड तेल झिजलेल्या फटीत काही दिवस अडकून राहते आणि धूर कमी दिसतो. परंतु टर्बोच्या बारीक मार्गांत ते थंड सकाळी वेळेवर पोहोचत नाही, आणि धूर लपविण्याच्या नादात टर्बोचे बेअरिंग जाते. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, म्हणजे तप्त टर्बोमधील तेल जागीच करपत नाही. एवढ्या सवयीनेही पुष्कळ निळा धूर जन्मालाच येत नाही.

आता तो लोखंडी गोळा. नव्या गाड्यांच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणीही असते. कन्व्हर्टर तापला की तेलाचा पुष्कळ धूर तो जाळून टाकतो, गाळणी काजळी धरून ठेवते. म्हणून नळी स्वच्छ दिसते, याचा अर्थ इंजिन निरोगी आहे असा होत नाही. तेल मात्र आतल्या आत कन्व्हर्टरला निकामी करीत असते. नव्या डिझेल गाडीतून काळा धूर दिसू लागला तर गाळणीच फुटली आहे किंवा कोणी काढून टाकली आहे, असे समजावे. आणि सर्वांत घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्याला तर रंगही नाही, वासही नाही. थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटांत, कन्व्हर्टर तापण्यापूर्वी, तो अधिक असतो. धूर तपासण्यासाठी म्हणून शटर ओढलेल्या गाळ्यात किंवा बंद शेडमध्ये गाडी कधीही चालू ठेवू नये. लहान मुलांना नळीमागे उभे करून ‘धूर दिसतो का बघ’ असे सांगणे तर तातडीने बंद झाले पाहिजे.

राहता राहिली जुनी गाडी विकत घेण्याची गोष्ट. शहरांतून वापरलेल्या टर्बो गाड्या आता आपल्या भागात मोठ्या संख्येने येतात. किंमत कमी, रूप देखणे. वर सांगितलेली बहुतेक लक्षणे फक्त थंड स्टार्टला दिसतात, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून ग्राहक येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवले जाते. आपण सकाळी लवकर, न कळविलेल्या वेळी जावे. चावी मागण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा, कूलंटची पातळी पाहावी, मग एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने बाजूला, मोकळ्या हवेत उभे राहून पहिली वीस सेकंदे नळीकडे नजर ठेवावी. बॉनेट गरम लागले, तर सौद्याची बोलणी तेथेच थांबवून गाडी रात्रभर उभी ठेवण्यास सांगावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जावे.